पखालीचं म्यान

फार फार वर्षांपूर्वी एका नदीच्या दोन काठांवर दोन राजे राज्य करत होते आणि दोघांनाही पलीकडचा काठ हवा होता. मग काय, लढाया झाल्या, माणसं मेली, पुढे राजेही गेले. नदी होती तिथेच राहिली.

अलीकडच्या काठावर सुभाना नावाचा एक जवान गडी राहत होता. त्याचे आजोबा त्या लढाईवर गेले होते, पण शिपाई म्हणून नव्हे. ते पखाली होते. पाण्याने भरलेली चामड्याची पखाल पाठीवर घेऊन ते रणात फिरायचे आणि तहानलेल्यांना पाणी पाजायचे. वारले तेव्हा मागे ठेवून गेले ती एवढी पखालच.

गावाची एक रीत होती. खंडेनवमीला लढाईवर गेलेल्यांच्या घरून एकेक वस्तू देवीपुढे पूजेला यायची. तलवारी-भाले पुढे, बाकीचं मागे. पुढच्या रांगेतल्या घरांना पालखीला खांदा द्यायचा मान असे. आजोबा आपली पखाल शेवटच्या रांगेत ठेवायचे, तिला झेंडूचं फूल वाहायचे आणि खुशाल प्रसाद खात बसायचे. सुभानाच्या मनाला मात्र ती शेवटची रांग फार लागायची.

आजोबा गेल्यावर त्याने बाजारातून जुनी तलवार आणली आणि दगडावर आपटून तिला खाचा पाडल्या. आता जुन्या तलवारीला म्यानही जुनंच हवं. जुनं चामडं घरात होतंच. त्याने खुंटीवरची पखाल काढली आणि सुरी हातात घेतली.

आई म्हणाली, "अरे, मामंजींच्या पाठीवर शेवटपर्यंत तिचा वळ होता. कापू नकोस."

"वळ कुणाला दिसतो, आई? तलवार दिसते."

अक्कल गहाण पडली की हात मोठ्या सफाईने चालतात. म्यान झकास झालं. आजोबा गुपचूप लढायचे, तलवार पेटीच्या तळाशी सापडली, असं सुभानाने सांगितलं आणि गावाने मान डोलावली. शूर माणूस फुकटात मिळत असेल तर नको कोण म्हणतो? त्या खंडेनवमीला तलवार पुढच्या रांगेत गेली.

पालखी उचलायची तयारी चालली होती, तेवढ्यात पलीकडच्या काठावरून नावेने आलेला एक लंगडा म्हातारा देवळात शिरला.

"इथले एक पखाली होते," तो म्हणाला. "मी त्यांच्या शत्रूचा शिपाई. रणात पाय मोडून पडलो होतो. त्यांनी स्वतःच्या माणसांच्या शिव्या खाल्ल्या, पण मला पाणी पाजलं. मरायच्या आधी त्यांच्या घरच्यांच्या पाया पडावं म्हणून आलोय."

पुजारी म्हणाला, "हा त्यांचा नातू. पण बाबा, ते नुसते पखाली नव्हते. ही बघा त्यांची तलवार."

म्हाताऱ्याने सुभानाकडे पाहिलं. "खरंच त्यांची?"

नाही म्हणावं तर मान जातो, गावात छी-थू होते. सुभाना हळूच म्हणाला, "हो."

"मग ते दुसरेच कुणी असतील. माझ्या माणसाच्या कमरेला काहीच नव्हतं, एवढं पक्कं आठवतं." म्हाताऱ्याने काठी उचलली आणि तो नदीकडे निघाला.

सुभानाला स्वतःची भयंकर लाज वाटली. आजोबांचे उपकार स्मरून कोणी दारी आलं होतं आणि त्यानेच त्याला परत धाडलं होतं. पालखी तशीच सोडून, म्यान उचलून तो धावत नदीवर गेला.

"बाबा, थांबा. तलवार खोटी आहे. हे म्यान मात्र त्यांच्या पखालीचं. मीच कापली."

म्हाताऱ्याने चामड्यावरून हात फिरवला, ते कपाळाला लावलं. "हिच्यातलं घोटभर पाणी पुन्हा प्यावं, एवढीच इच्छा होती रे," तो म्हणाला.

त्याने वाकून म्यान नदीत बुडवलं आणि ओठांकडे नेलं. शिवणीशिवणीतून पाणी गळून गेलं. तो रागावला नाही. ओला हात डोळ्यांवरून फिरवून त्याने म्यान परत दिलं आणि नावेत बसला.

सुभानाने गावाला सगळं सांगितलं. पालखीचा मान गेलाच. पुढच्या खंडेनवमीला त्याला ती शेवटची रांग हवीशी वाटली, पण तिथे ठेवायला घरात पखाल उरली नव्हती, होतं ते नुसतं गळकं म्यान.

तात्पर्य : वाडवडिलांची थोरवी आपल्या हौसेच्या मापाने कापायला गेलं, तर असलेलीही हातची जाते.