लुगड्याची झोळी

आंबोलीजवळच्या रानात हॅमॉकवाल्यांचा, म्हणजे झाडांना झोळी टांगून झोपणाऱ्यांचा, मेळावा भरला होता. अध्यक्ष टिळेकरांनी जमिनीवर घोंगडी पसरणाऱ्या बिरूअण्णांना ती गुंडाळायला लावली आणि ते तरातरा सुगंधाकडे वळले. ती दोन जांभळींच्या मध्ये जुन्या लुगड्याची झोळी बांधत होती.

"हे सोडा आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जा. इथे फक्त कंपनीचेच हॅमॉक चालतात."

"का हो साहेब?" सुगंधानं गाठ आणखी आवळली. परत जायला ती आलीच नव्हती.

"का म्हणजे? असल्या चिंधीवर कुणी जिवाचा भरवसा ठेवतं का?"

"तुमचं गाव कुठलं?"

"चंदगडकडचं. त्याचा इथे काय संबंध?"

"आई भातलावणीला जायची?"

"जायची की. मी तान्हा होतो तेव्हाही जायची."

"मग बांधावरच्या झाडाला तुम्हाला कशात टांगायची?"

टिळेकरांची नजर लुगड्याकडे गेली. आजूबाजूच्या झोळ्यांतून डोकी वर आली.

"लुगड्यातच ना? त्या माउलीनं जिवापलीकडचा जीव त्या चिंधीच्या भरवशावर सोडला होता, साहेब. तो आज धडधाकट माझ्यासमोर उभा राहून मला नियम सांगतोय."

हशा पिकला. पलीकडे बिरूअण्णांनी कुणाला न विचारता घोंगडी पुन्हा पसरली.