जमिनीला पाय लागता कामा नये

"आबासाहेबांचा पाय जमिनीला लागता कामा नये," राजाने फर्मावले. "आणि संध्याकाळपर्यंत ते पोट धरून हसले पाहिजेत. नाही जमलं, तर तू आणि तुझ्या बापाने तबेला सोडायचा!"

समोर उभी होती बयना, तबेल्यातल्या मोतद्दाराची लेक; सगळ्या तबेल्याला हसवते म्हणून तिला बोलावले होते. आबासाहेब म्हणजे राजाचे वडील, वय ब्याऐंशी. महिन्यापूर्वी न्हाणीघरात घसरले, तेव्हापासून त्यांना पलंगावरून उतरायची बंदी. चहूबाजूंनी उशा, दोन्ही वेळा पेज. सोंगाड्यांनी उड्या मारून पाहिल्या, तर म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवले.

बयना पलंगाशी बसली. "आबासाहेब, काय पाहिजे तुम्हाला?"

"मरण. पण तेही हे लोक कुस्करून, गाळून देतील."

"आणि त्याच्या आधी?"

म्हाताऱ्याने दाराकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, "घोडा."

दुपारी राजाने खिडकीतून पाहिले, तर आबासाहेब घोडीवर, पागोटे तिरके! राजा तसाच अनवाणी धावला.

"कार्टे, काय हुकूम होता माझा?"

"पाय जमिनीला लागू द्यायचा नाही. बापाने पलंगावरून उचलून थेट घोडीवर बसवलं. बघा की, कुठे लागलाय?"

दोन्ही पाय रिकिबीत होते. राजामागून धावत आलेल्या प्रधानजींनी हसू लपवायला उपरणे तोंडाला लावले.

"आणि पडले असते तर?"

"घोडी बावीस वर्षांची आहे, महाराज. पडायची धास्ती तिलाच जास्त. लगाम माझ्या हातात, बाप त्यांच्या कमरेला धरून चालतोय. आणि जरा खाली बघा."

राजाने खाली पाहिले. तो घोट्यापर्यंत मऊ मातीत रुतला होता.

"नवशिक्यासाठी आम्ही रिंगण आधी नांगरून घेतो," बयना म्हणाली. "तुम्ही पाच वर्षांचे होतात, तेव्हा आबासाहेबांनी तुमच्यासाठी असंच नांगरून घेतलं होतं. तीनदा पडलात म्हणे. त्यांनी घोडा काढून घेतला नाही, महाराज. माती मऊ केली."

"चारदा पडला," घोडीवरून आवाज आला. "चौथ्यांदा घोड्याचीच माफी मागत होता!"

आणि आबासाहेब पोट धरून हसू लागले. पोट धरायला त्यांनी खोगिरावरचे दोन्ही हात सोडले, तशी राजाने झेप घेऊन त्यांची मांडी धरली. धरल्या धरल्या तोही हसू लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

त्याने हातातले सोन्याचे कडे काढून बयनाला दिले, तिच्या बापाला तबेल्याचा मुख्य केले.

"ते सगळं नंतर," आबासाहेब म्हणाले. "आधी या घोडीला कुणीतरी जागं करा. झोपलीय."