सात मिनिटं पुढे

“मग काटा मागे फिरवू?”

“नको.”

“सातच मिनिटं आहेत, चाचा.”

“मागं फिरत न्हाई ते.”

इलाहीचाचा मिरजेचे. चाळीस वर्षं इमारतींमधून घड्याळं बसवताहेत. कॉलेजच्या नव्या इमारतीत आम्ही बावीस घड्याळं लावत होतो. म्हणजे लावत ते होते; कंत्राटदाराची इंजिनीअर म्हणून मी शिडीखाली उभी राहत होते.

तळमजल्यावरचं मोठं घड्याळ दर मिनिटाला तारेतून एक ठोका सोडतं. त्यासरशी वरच्या सगळ्या घड्याळांचे काटे एक घर पुढे सरकतात. पुढेच. मागे जायची सोयच नाही त्यांच्यात. हे मी परीक्षेत लिहिलंही होतं. ऐन वेळी आठवलं नाही, इतकंच.

शेवटचं घड्याळ मी हट्टानं स्वतः लावलं होतं, माझ्या मनगटावरचं बघून. आणि ते मी सात मिनिटं पुढे ठेवते. पाळणाघरात पोचायला उशीर नको म्हणून.

“मग आता?”

चाचांनी त्या घड्याळाची तार सोडवली. रिकाम्या खोक्यावर बसले. दुसरं खोकं पायानं माझ्याकडे सरकवलं.

“आता बसायचं.”

“काहीच करायचं नाही?”

“बसायचं म्हणलं की.”

…

व्हरांड्यातल्या घड्याळाचा काटा मिनिटागणिक टक् करून सरकत होता. आमचं भिंतीवर अकरा चाळीसला थांबलेलं. तिसऱ्या का चौथ्या टक्‌ला मला राहवेना. बोलत सुटले.

मुलगा पंधरा महिन्यांचा झाला, अजून पाऊल टाकत नाही. डॉक्टर म्हणतात, काही काळजी नाही, चालेल. पण शेजारची त्याच्याच वयाची मुलगी जिना चढते. कुठल्या महिन्यात काय यायला हवं, त्याचा तक्ता मी भिंतीवर चिकटवलाय. रोज संध्याकाळी त्याला त्या तक्त्यापुढे उभा करते. तो मटकन बसतो आणि हसतो. मी स्वयंपाकघरात जाऊन रडते.

आता नाचणी सांगतील, नाहीतर तेल, नाहीतर नवस, अशा तयारीनं मी थांबले.

“नाव काय त्याचं?”

“अन्वय.”

“अन्वय…” चाचांनी सावकाश म्हणून बघितलं. “ग्वाड हाय.”

…

बस, एवढंच. कितवा महिना, दात किती, वजन किती, काही नाही. इतक्या दिवसांत पोराचं नाव आधी विचारणारं हे पहिलंच माणूस. त्या खोक्यावर मला इतकं हलकं वाटलं, की मिनिटं मोजायचंच विसरले. मी. त्या बसण्याबद्दल आजही रोज मनातल्या मनात चाचांना हात जोडते.

व्हरांड्यातलं घड्याळ अकरा चाळीसला पोचलं. चाचा उठले, तार जोडली.

पुढचं टक् दोन्हीकडे एकदमच झालं.

मी पडले हुशार विद्यार्थिनी. तात्पर्य काढल्याशिवाय मला जेवण जात नाही.

“कळलं, चाचा. अन्वयच्या बाबतीतही असंच थांबायचं. वेळ झाली की तोही सगळ्यांबरोबर चालायला लागेल.”

चाचांनी पेचकस खिशात टाकला.

“पोराला तार कुणी जोडली, बाई?”