तपासणीची सही

उदगीरला महानंदा होनराव ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान एकटीच चालवायची. इंटरनेटच्या बिलात दर महिन्याला ‘तपासणी भेट’ म्हणून पाचशे रुपये लागत. तपासायला कुणी फिरकत मात्र नसे. शेवटी ती कंपनीच्या ऑफिसात गेली.

मॅनेजरनं पावती आपटली. “ही दिवाळीनंतरची भेट. खाली तुमच्या मालकांची सही!”

“तुमच्या माणसासमोर केली?”

“समोर बसून! वर चहासुद्धा पाजला त्यांनी.”

महानंदानं पावती उचलून सही बघितली.

“साहेब, दसऱ्यालाच आम्ही यांना माती दिली. पैसे राहू द्या तुम्हाला. फक्त त्या माणसाला बोलवा. शेवटी यांची वाचा गेली होती. माझ्यासाठी काही निरोप दिलाय का, तेवढं विचारते.”

मॅनेजरनं पाचशेचा आकडा खोडला.

महानंदा तरी उठेना.