पहिल्या घासाचा मान

अपरांत देशावर अरिंदम राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व खाडीकाठच्या एका धीवरांच्या गावात जन्म घेऊन राहत होता. गाव तिसऱ्यांवर, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांवर जगे. खाडीच्या चिखलात प्रत्येक घराचा वाटा ठरलेला असे आणि कुणाच्याही घरी हंगामाच्या पहिल्या तिसऱ्या शिजल्या, की पहिला घास चाखण्याचा मान बोधिसत्त्वाचा. तो एक तुकडा ओठावर ठेवी, थोडा वेळ थांबे, मग मान डोलावी. त्यानंतरच बाकीचे जेवत.

हा मान त्याचा शेजारी सोमिल याच्या डोळ्यांत खुपे. दोघे एकाच वयाचे, एकाच होडीत वल्हं मारायला शिकलेले. मग घरोघरी चटई अंथरायची ती त्याच्यासाठीच का? सगळ्यात टपोरी तिसरी त्याच्याच पानात का? बायको म्हणे, "तुम्हाला काय कमी आहे?" कमी काहीच नव्हतं. पण बोधिसत्त्वाचं पान भरलेलं दिसलं, की सोमिलला आपलं रिकामं वाटे.

एका वर्षी पावसाळा सरला आणि खाडीच्या पाण्यावर तांबूस साय धरली. त्याच वेळी सोमिलच्या वाट्यात तिसऱ्या कधी नव्हे इतक्या भरल्या. त्याने हौसेने गावजेवण घातलं. बोधिसत्त्वाने तुकडा ओठावर ठेवला आणि न खाता खाली ठेवला.

"ओठाला मुंग्या आल्या," तो म्हणाला. "पाण्यातलं तांबडं या तिसऱ्यांनी खाल्लंय. त्यांना ते बाधत नाही, आपल्याला बाधेल. शिजवूनही जात नाही. पाणी निवळू द्या."

सोमिलच्या अंगाचा तिळपापड झाला. आजवर एवढी घरं झाली आणि मुंग्या आल्या त्या नेमक्या माझ्या घरी? "माझं भरलेलं ताट याला बघवत नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. तिसऱ्या ताज्या होत्या, वास घमघमत होता, माणसं भुकेली होती. कुणीतरी पान पुढे सरकवलं. सोमिलने पहिली वाटी आपल्या लहानग्या मुलीला, मुक्ताला दिली. बाप लेकीला विष वाढेल का, हे गावाने पाहावं, असं त्याच्या मनात होतं.

मुक्ताने वाटी तोंडाशी नेली, तोच बोधिसत्त्वाने ती ओढून घेतली आणि उभ्या उभ्या सगळी खाऊन टाकली. पोर रडू लागली. सोमिलला मनातून फार बरं वाटलं.

"पाहा, लेकराच्या तोंडचं काढून खाणारा हा तुमचा मानकरी," तो म्हणाला.

त्यावरून वाद पेटला आणि वाढायचं राहून गेलं. वाद मिटण्याआधीच बोधिसत्त्वाची जीभ जड झाली. हातपाय लुळे पडले, श्वास अडखळू लागला. मग कुणीही पानाला हात लावला नाही.

सोमिलने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "वाटी फेकून द्यायची होतीस, गड्या."

"तू दुसरी भरून दिली असतीस," बोधिसत्त्व कसाबसा म्हणाला. "आता माझी चटई तुझी. तुला हवी होती ना? सुखाने बस."

त्यात टोमणा नव्हता. चटई सोमिलला मिळाली याचा त्याला खरोखर आनंद होता. संध्याकाळी त्याने प्राण सोडला.

पाणी निवळलं. बऱ्याच काळाने तिसऱ्या पुन्हा शिजल्या. चटई अंथरली गेली आणि सोमिल तिच्यावर बसला. सगळ्यात टपोरी तिसरी त्याच्याच पानात होती. समोर भुकेली मुक्ता वाट बघत होती. सोमिलने तुकडा ओठावर ठेवला आणि मुंग्या येतात का, ते पाहू लागला. इतकी वर्षं आपण कशावर जळत होतो, ते त्याला तेव्हा कळलं.

थेरांना, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंना, आपल्याआधी भिक्षा वाढतात म्हणून कुढणाऱ्या एका भिक्खूला त्याच्या गुरूंनी, शास्त्यांनी, ही कथा सांगितली आणि ते म्हणाले, "भिक्खू, तेव्हाचा सोमिल तू होतास. मुक्ता म्हणजे आज सकाळी तुझ्या पात्रात भात वाढणारी उपासिका. ती वाटी खाणारा मी होतो. दुसऱ्याला मिळालं यात आपल्याला आनंद वाटणं, या गुणाला मुदिता म्हणतात."