मुनियेचा दहावा दाणा

करवंदाची जाळी. जाळीत घरटं. घरट्यात मुनिया. मुनिया म्हणजे बोटाएवढं पाखरू. नाव तिचं ठिपकी. ठिपकीला पिल्लं पाच.

एकदा ठिपकीला मिळाले दाणे दहा. प्रत्येक पिल्लाला दोन दोन. पाचही पोटं भरणार!

तेवढ्यात आली खारमावशी. ती रानाचं कोठार सांभाळायची.

"दहा दाणे? त्यातला एक कोठाराचा. पावसाळ्यात सगळ्यांना लागतो."

मावशीने दाणा उचलला. सर्र सर्र गेली.

उरले नऊ. चार पिल्लं दोन दोन दाणे जेवली. जेवली आणि निजली. पाचव्याला मिळाला एकच. पाचवं पिल्लू चिंव चिंव, चिंव चिंव. काही केल्या निजेना.

ठिपकीने डोळा बारीक केला. असं कसं?

भुर्र उडाली. टुणुक टुणुक, कोठारापाशी आली.

"मावशी, मावशी, माझा दाणा दे. पिल्लू निजेना."

"नियम सगळ्यांना सारखा. दहातला एक."

ठिपकीने मान तिरकी केली. "सारखा? मग बाकीच्यांच्या घरी उपाशी कोण?"

"ते मला काय ठाऊक? कोठार भरायला हवं. वानरमामा जास्त देईल, तर तुझा सोडीन."

भुर्र उडाली. टुणुक टुणुक, वानरमामाकडे आली. मामाकडे दाण्यांची टोपली.

"मामा, मामा, खारमावशी सोडेना, पिल्लू निजेना."

"दहातला एक मी दिलाय."

"दिल्यावर घरी उपाशी कोण?"

"कोणी नाही."

"मग थोडे जास्त देता का?"

मामाने टोपली पोटाशी धरली. "मी द्यायचे, आणि गवा लपवणार. आधी गवाकाका देऊ दे."

भुर्र उडाली. टुणुक टुणुक, गवाकाकाकडे आली. काकाकडे दाण्यांची रास.

"काका, काका, वानरमामा देईना, खारमावशी सोडेना, पिल्लू निजेना."

"दहातला एक मी दिलाय."

"दिल्यावर घरी उपाशी कोण?"

"कोणी नाही."

"मग थोडे जास्त देता का?"

काका राशीपुढे आडवा उभा राहिला. फुस्स! "मी द्यायचे, आणि हत्तीण हसणार. आधी हत्तीणआजी देऊ दे."

भुर्र उडाली. टुणुक टुणुक, हत्तीणआजीकडे आली. आजीकडे दाण्यांचा डोंगर.

"आजी, आजी, गवाकाका देईना, वानरमामा देईना, खारमावशी सोडेना, पिल्लू निजेना."

"दहातला एक मी दिलाय."

"दिल्यावर घरी उपाशी कोण?"

"कोणी नाही."

"मग थोडे जास्त देता का?"

"मी का देऊ? आधी..."

आजीने इकडे पाहिलं. आजीने तिकडे पाहिलं. आजीहून मोठं कोणीच नव्हतं.

मग आजीनेही डोळा बारीक केला. "पिल्लू निजेना, हे खरं कशावरून? तुम्ही छोटी छोटी, थापा मारता मोठ्या मोठ्या."

"चला बघायला," ठिपकी म्हणाली.

धप्प धप्प, धप्प धप्प. आजीने जाळीला डोळा लावला. चार पिल्लं निजलेली. पाचवं जागं.

आजीने सोंड जवळ नेली. पिल्लाला वाटलं, आईच आली. त्याने सोंडेपुढेच चोच उघडली. आ!

आजीने सोंड अलगद मागे घेतली.

"दहातला एक मीपण दिला होता," ती हळूच म्हणाली. "मला तर कळलंसुद्धा नाही."

आजीने कोठाराला दाणे दिले सूपभर. काकाने झाडाआडून पाहिलं.

आजीने दिले, मग काकाने दिले. काकाने दिले, मग मामाने दिले, पुन्हा पुन्हा मोजून. मामाने दिले, मग मावशीने सोडला.

टक टक! ठिपकीने दाण्यावर चोच मारून पाहिली. खडा तर नाही? नाही, दाणाच.

"आणि उद्या?" ठिपकीने विचारलं. "उद्या परत नेशील?"

"ज्याच्या घरी कोणी उपाशी, त्याचा नाही नेणार," मावशी म्हणाली.

"बघते हं मी," ठिपकी म्हणाली.

भुर्र उडाली. दाणा चोचीतून चोचीत गेला. गट्टम!

पोट झालं टुम्म. आणि पिल्लू निजलं.