हे चालणं धरत नाहीत

एका गावात एक भोळा पाणीवाला होता. गाव खोचरेवाडी. पाणीवाला मीच. भोळा हे माझ्या आईचं म्हणणं. गाव वेगळा शब्द वापरतं, पण तो लहान मुलांसमोर सांगण्यासारखा नाही.

माझं नाव केरबा. ग्रामपंचायतीच्या नळांना पाणी सोडायचं हे माझं काम. गावात बारा व्हॉल्व, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक. कमरेइतकी लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, एका गल्लीचं पाणी सोडायचं, मग पुढची गल्ली, मग परत येऊन पहिली बंद करायची. पहाटेपासून दुपारपर्यंत नुसतं चालणं. चार महिन्यांत चप्पल झिजते. पोट मात्र झिजत नाही. असं का, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि माझं मलाही कधी सुचलं नव्हतं.

मग माझं लग्न ठरायला आलं. मुलगी तांबुळवाडीची, शालन. तांबुळवाडी आमच्यापासून पाच किलोमीटर. पोहे आले, शालन आली, माझ्याकडे बघून हसली. माझ्या मिशीला पोहा लागला होता म्हणून हसली, हे मला पुढं कळलं. त्या वेळी मी तेवढ्या हसण्यावर लग्नाला तयार झालो.

शालनला वडील नव्हते. घरात शब्द चालायचा तो तिच्या मामांचा. मामा म्हणजे आनंदा मास्तर. शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेले, पण गळ्यातली शिट्टी काही रिटायर झाली नव्हती. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. पोटाकडे बघितलं.

"व्यायाम करता का?"

"चालतो की, मास्तर. दिवसभर."

"कशापायी?"

"पाणी सोडायला."

"मग ते काम झालं. कामाचं चालणं व्यायामात धरत न्हाईत."

"एक पाऊलबी न्हाई?"

"एकबी न्हाई."

बारा वर्षं मी चाललो होतो. त्यातलं एक पाऊल धरलं नाही, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. हातातला चहा गार झाला. मास्तरांनी अट घातली. लग्नाला दोन महिने आहेत, तोवर रोज पाऊण तास व्यायामाचं चालायचं. चालणं धरण्यासारखं नसेल, तर लग्नही धरायचं नाही. दाराआड शालनच्या बांगड्या वाजल्या आणि मी घाबरलो. मला ती मनापासून हवी होती.

मी म्हणालो, "बरं." मला पटलं. मला सगळंच पटतं.

रात्रभर विचार केला. कामाचं चालणं धरत नाहीत. मग काम काढून टाकलं की उरतं ते चालणंच. दुसऱ्या दिवशी मी चावी घरी ठेवली. रिकाम्या हातानं बाराही गल्ल्या फिरलो. प्रत्येक व्हॉल्वपाशी सवयीनं थोडा उभा राहिलो, त्याच्याकडे बघितलं आणि पुढं गेलो. काहीही काम केलं नाही. फार बरं वाटलं.

दुपारी ग्रामपंचायतीपुढं शंभरभर रिकाम्या घागरी. सरपंच इंदुबाई पायरीवर उभ्या.

"केरबा, पाणी कुठाय?"

"आज व्यायाम हाय, बाई."

व्यायाम कुणी सांगितला ते विचारून इंदुबाईंनी तिथूनच मास्तरांना फोन लावला. मास्तर इतक्या मोठ्यानं बोलले की फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

"अरं बाबा, पाणी सोड की आधी! आणि असं थांबत थांबत चाललेलं तर मुळीच धरत न्हाईत. सलग पाऊण तास चालायचं. नजर समोर. मागं वळून बघायचं न्हाई. दम लागला पायजे."

"दम लागला हे वळखायचं कसं?"

"चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. गाता आलं तर समज, चाल कमी पडली."

मी म्हणालो, "बरं." मला पटलं.

तिसऱ्या दिवशी तुका बापू वारला. नव्वद वर्षांचा होता. आयुष्यात त्यानं कधी कसलीच घाई केली नव्हती. मी पुढच्या बाजूनं खांदा दिला. मयतीचा ग्रामपंचायत पगार देत नाही, म्हणजे हे काही काम नव्हे. म्हणजे हे चालणं धरणार. मी नजर समोर ठेवली आणि पाय उचलला.

अर्ध्या वाटेवर विसाव्याचा दगड आहे. तिथं तिरडी खाली टेकतात, खांदेकरी बदलतात. मागचे म्हणाले, "टेकवा." पण थांबत थांबत चाललेलं धरत नाहीत. मी थांबलो नाही. तिरडी एकच, त्यामुळं बाकीच्या तिघांनाही थांबता आलं नाही. पुढं मडकं धरून बापूचा मुलगा चालला होता, त्याला आम्ही मागं टाकलं. मग मी गाऊन बघितलं. लावणीची एक ओळ खणखणीत म्हणता आली. म्हणजे चाल कमी पडत होती. मी वाढवली.

ज्यानं उभ्या जन्मात घाई केली नाही, तो तुका बापू त्या दिवशी दहा मिनिटांत स्मशानात पोचला. लाकडं अजून यायची होती.

गणू तात्या धापा टाकत आले. वयानं मोठे, म्हणून एक ठेवून दिली आणि मग शिकवलं.

"गाढवा, लोकं गोळा झाल्यात, बाया रडायल्यात, अशा येळी कसं चालावं? मान खाली घालून, हळूहळू. तोंडातनं अवाक्षर काढायचं न्हाई."

मी गाल चोळत म्हणालो, "बरं." मला पटलं.

आठवड्याभरानं इंदुबाईंच्या वैरणीची गंजी पेटली. लोक गोळा झाले. बाया रडायला लागल्या. इंदुबाई मला बघून ओरडल्या, "केरबा, टाकीचा व्हॉल्व सोड जा!"

टाकी वर माळावर. मी निघालो. लोक गोळा झालेले, बाया रडणाऱ्या, म्हणजे तात्यांनी सांगितलेली तीच वेळ. मी मान खाली घातली. हळूहळू चालू लागलो. वाटेत चार जणांनी विचारलं, "धूर कसला रं?" मी अवाक्षर काढलं नाही. एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "देवाची मर्जी." मी नुसती मान हलवली.

मी टाकी सोडली तेव्हा गंजीची राख झाली होती. पाणी आलं, त्या राखेचा चिखल झाला. इंदुबाई त्या चिखलात उभ्या होत्या.

"अरं मुडद्या, अशा येळी पळायचं! बोंबलत सुटायचं! वाटंत दिसंल त्याला संगं घ्यायचं!"

"अशी येळ म्हंजी कशी, बाई?"

"छाती धडधडायला लागती, जीव घाबरा हुतो, तशी!"

मी म्हणालो, "बरं." मला पटलं. वेळ ओळखायची खूणही मिळाली.

पंधरा दिवसांनी शालनचा फोन आला. तिचा पहिलाच. अगदी हळू आवाजात म्हणाली, "उद्या सांजच्याला शिवेवरच्या बिरोबाच्या देवळामागं याल का? थोडं बोलायचं हुतं."

माझी छाती धडधडायला लागली. जीव घाबरा झाला. दुसऱ्या दिवशी सूर्य कलला तसा मी बोंबलत सुटलो. "चला रे! शालननं बोलावलंय! बिरोबाच्या मागं! पळा!" वाटेत दिसेल त्याला संगं घेतलं. चाळीस माणसं जमली. गंजीचा अनुभव ताजा, त्यामुळं दोघांनी भरलेल्या घागरी घेतल्या आणि एकानं शिडी.

देवळामागं शालन एकटी उभी होती. हातात छोटा डबा. डब्यात रव्याचे चार लाडू. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग चाळीस माणसांकडे, मग शिडीकडे.

"ही समदी कशाला?"

"सरपंचांनी सांगितलंय."

तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडते. आता लग्न मोडलं. पण ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग लोकांना लांब उभं करून माझ्याजवळ आली.

"अवो, मामांचं एवढं मनाला लावून घेऊ नका, एवढंच सांगायचं हुतं. पोटाचं मला काय वाटत न्हाई. पण इथनं पुढं आपलं चालणं हे आपल्या दोघांचं. लोकं काय वराडतील ती वराडू देत. तिकडं लक्ष द्यायचं न्हाई. मी तुमच्या मागं हाय, एवढं धरून चालायचं."

इतकं चांगलं मला जन्मात कुणी बोललं नव्हतं. मी "बरं" म्हणालो. लाडू चाळिसांना पुरले नाहीत. मला तर मिळालाच नाही. तरी मी घरापर्यंत ते वाक्य पाठ करत गेलो. लोकं वराडू देत. मी तुमच्या मागं हाय.

दोन महिने झाले. मी रोज आधी पाणी सोडलं, मग पाऊण तास चाललो. लग्नाच्या झब्ब्याची गुंडी लागली. मास्तर "बघू" म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ.

लग्न तांबुळवाडीला. अक्षता पडल्या. माझ्या उपरण्याला शालनच्या शेल्याची गाठ मारली. होम पेटला, बाजूला तांदळाच्या सात ढिगल्या मांडल्या. भटजी म्हणाले, "आता सात पावलं चालायची."

मी पुढं, शालन मागं. एक झालं, दोन झालं. तिसऱ्या पावलाला माझ्या मनात शंका आली. चौथ्याला ती वाढली. मास्तर समोरच खुर्चीत बसले होते. पाचव्या पावलाला मला राहवलं नाही.

"मास्तर, ही सात पावलं धरायची का?"

मास्तरांना वाटलं, नवरदेव थट्टा करतोय. तेही रंगात आले होते.

"सात पावलांनी काय हुतंय? दहा मिनटांच्या आतलं तर आम्ही इचारातबी घेत न्हाई!"

मांडव हसला. मी हसलो नाही. ही पावलं धरली नाहीत, तर लग्न कसं धरणार? दोन महिने मरमर चालून शालन सात पावलांसाठी हातची जायची! लोकांना हसू येत होतं आणि माझं घर मोडत होतं. मग मी ठरवलं. चालायचं तर धरण्यासारखं चालायचं.

नजर समोर ठेवली आणि पाय उचलला. होमाला वळसा घालून मांडवाबाहेर पडलो. बँडवाल्यांना वाटलं, वरात निघाली. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. मी त्यांनाही मागं टाकलं. पाठीमागं एकच ओरडा झाला. "अहो नवरदेव!" "गाठ! गाठ!" "थांबा की!" लोकं वराडू देत. शालन माझ्या मागं आहे. एसटीच्या थांब्यावरून गेलो, ओढा ओलांडला, चढ आला. चढावर गाऊन बघितलं. मंगलाष्टकाची अर्धी ओळसुद्धा निघेना. मला इतका आनंद झाला! म्हटलं, शालन, धरतात बघ आता. ती काही बोलली नाही. मला वाटलं, तिलाही दम लागला असेल.

पाऊण तासात खोचरेवाडी आली. सलग, मध्ये कुठंही न थांबता. आई घरीच होती, सुनेच्या स्वागताला. उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलं होतं, हातात ओवाळायचं ताट होतं.

"एवढ्यात आलास? सूनबाई कुठाय?"

"मागं हाय."

"मागं कोण न्हाई, केरबा."

"हाय, आई. तिनं सांगितलंय."

आईनं ताट खाली ठेवलं. मला दोन्ही खांद्यांना धरलं आणि मागं फिरवलं. मागं उपरणं होतं. त्याचं टोक पाच किलोमीटरच्या धुळीतून आलं होतं. त्याला कुसळं होती, एक काटकी होती, ओढ्यातला चिखल होता. गाठ नव्हती.

मी रस्त्यातच बसलो आणि रडलो. मग उठलो आणि परत तांबुळवाडीला निघालो.

पंगती उठल्या होत्या. भटजींना दुसरं लग्न होतं, ते घड्याळ बघत होते. शालन होमापाशी पाटावर बसली होती. होम विझू नये म्हणून त्यात एकेक काटकी घालत होती. मुंडावळ्या तशाच होत्या. डोळे धुरानं लाल झाले होते की कशानं, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

मास्तर म्हणत होते, "ऊठ पोरी. असल्या माणसाला द्यायची न्हाई आमची पोरगी."

"मामा, मीच सांगितलं हुतं, मी मागं हाय म्हणून," शालन म्हणाली. "त्या भरवशावर गेल्यात ते. चूक गाठीची हाय."

मग तिनं स्वतःच्या हातानं गाठ मारली. दोनदा ओढून बघितली.

"पाच झालीत," ती मला म्हणाली. "दोन ऱ्हायलीत. सावकाश."

आम्ही दोन पावलं चाललो. त्या दोन पावलांना जितका दम लागला, तितका चढालाही लागला नव्हता. लग्न लागलं. मी मास्तरांच्या पाया पडलो आणि हात जोडून विचारलं, "मास्तर, जाऊन येऊन दहा किलोमीटर झालं. आता तरी धरणार का?"

मास्तरांनी गळ्यातली शिट्टी दोनदा फिरवली.

"जातानाचं धरतो," ते म्हणाले. "येताना तुला काम हुतं."